खानापूरच्या पावसाळ्यासाठी आर-सिसलॉग

डेबियन १२ या लिनक्सवर आर-सिसलॉग, म्हणजे मशीनच्या नोंदी (लॉग) लिहून घेणारा आणि दुसरीकडे पाठवणारा प्रोग्रॅम, आपोआप बसत नाही. २०२३ मध्ये ही आवृत्ती आली, तेव्हापासून नोंदींचं काम सिस्टमडीच्या (मशीनवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) जर्नलकडेच असतं. नव्या मशीनवर सिसलॉगची ओळखीची फाइल सापडत नाही ती यामुळे. एकच मशीन असेल तर जर्नल पुरतं, जास्तीचं काही बसवू नका. मी मात्र बेळगावातल्या एका पतसंस्थेची मशीनं बघते. मुख्य कार्यालय टिळकवाडीत, शाखा खानापूर आणि निपाणीला. सगळीकडच्या नोंदी एका जागी हव्यात, आणि त्या कामासाठी मी आर-सिसलॉगला पाचपैकी साडेचार देते.

बसवणं सोपं आहे, ॲप्टला (डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या कमांडला) नाव सांगितलं की झालं. मग लॉगर कमांडने नोंदींत चाचणीची एक ओळ टाकून फाइल बघायची. मी मराठीत टाकली, देवनागरी जशीच्या तशी उतरली.

खरी परीक्षा पुढे. पावसाळ्यात खानापुरात लाइट जाते, पाठोपाठ नेटही जातं. जुन्या पद्धतीने यूडीपीच्या ५१४ पोर्टवर नोंदी पाठवल्या तर समोर कुणी ऐकतंय का हे बघितलंच जात नाही. नेट नसताना पाठवलेली नोंद गेली. टीसीपी बरा, पण जोडणी तुटते त्या क्षणी वाटेत असलेल्या ओळी त्यातही हरवतात. म्हणून रेल्प हा नोंदी पाठवण्याचा प्रोटोकॉल वापरा. समोरून पोच आल्याशिवाय तो नोंद सोडत नाही. डेबियनमध्ये त्याचं पॅकेज वेगळं आहे, तेही बसवावं लागतं.

न गेलेल्या नोंदींची रांग कुठे ठेवायची हेही नीट ठरवा. मेमरीतल्या रांगेला फाइलचं नाव दिलं तरी मेमरी भरत आल्यावरच ती डिस्कवर उतरते. लाइट अचानक गेली तर मेमरीतलं सगळं जातं. खानापूरला मी पूर्ण डिस्कवरची रांग ठेवली आहे. ती हळू चालते, पण शाखेच्या नोंदी अशा कितीशा! पुन्हा प्रयत्न करण्याची संख्या उणे एक ठेवा, म्हणजे आर-सिसलॉग कधीच हार मानत नाही. तिथले मॅनेजर काका विचारतात, "मॅडम, काल नेट नव्हतं, नोंदी गेल्या काय?" आता मी निर्धास्तपणे नाही म्हणते. नेट आलं की रांग आपोआप टिळकवाडीला पोचते.

अर्धा गुण कापला तो सेटिंगच्या भाषेसाठी. डॉलरचिन्हाच्या जुन्या ओळी आणि कंसातली नवी पद्धत, दोन्ही एकाच फाइलीत चालतात, आणि इंटरनेटवरची उत्तरं त्यांची खिचडी करतात. नवीच पद्धत धरा. सेवा पुन्हा सुरू करण्याआधी आरसिसलॉगडी या त्याच्या मूळ प्रोग्रॅमला '-N1' देऊन फाइल तपासून घ्या, चूक ओळीच्या नंबरासकट दाखवतो.

जुन्या नोंदींच्या फाइली बाजूला काढून शेवटी पुसणारा लॉगरोटेट मुळात चार आठवड्यांच्याच जुन्या फाइली ठेवतो. ऑडिटर वर्षभराचं मागतात, म्हणून टिळकवाडीच्या सर्व्हरवर तो आकडा ५२ करून घ्या.