कागदी चिलखत : शिगम्यापासून नरकासुरापर्यंत

गोव्यातल्या शिगम्याच्या चित्ररथावर पहिल्यांदा अंगावर चढलेलं हे चिलखत दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीपर्यंत वापरात आहे. पेपाकुरा साच्यांवरून, म्हणजे छापून, कापून, घड्या घालून जोडायच्या कागदी नकाशांवरून केलेलं आणि रेझिनने (सुकून कडक होणाऱ्या द्रवाने) टणक केलेलं शिरस्त्राण, छाती-पाठ आणि दोन खांदे. आकार शाबूत आहे. दगा दिला तो पट्ट्यांनी आणि डाव्या खांद्याने.

कागद २०० जीएसएमचा (चौरस मीटरला २०० ग्रॅम) कार्डशीट घ्या. १२० चा रेझिन लागताच लुळा पडतो, ३०० चा बारीक घडीवर फाटतो. प्रिंटरचं 'फिट टू पेज' बंदच हवं, नाहीतर सगळं थोडं आखडतं आणि शिरस्त्राणात डोकं जात नाही. पहिल्या पानावरची मापाची रेघ पट्टीने मोजा, मगच बाकीची पानं छापा. घडीच्या रेषेवरून शाई संपलेली रिफिल ओढली की घडी सुरेख बसते. फेविकॉल अगदी पातळ. जाड लागला की कडेला लाटा येतात.

गोव्यात खरी लढाई दमट हवेशी. जोडलेला सांगाडा रात्रभर उघडा राहिला तर छाती एका बाजूला वळते आणि रेझिन तोच वाकडेपणा कायमचा करतं. म्हणून आतून पुठ्ठ्याचे आडवे टेकू लावून बाहेरून रेझिनचा पहिला हात त्याच दिवशी द्या. होड्यांच्या फायबरकामाचंच पॉलिएस्टर रेझिन चालतं. १०० ग्रॅमला दीड ते दोन ग्रॅम हार्डनर. एका वेळी १०० ग्रॅमहून जास्त रेझिन कालवू नका, उन्हाळ्यात वाटीतच घट्ट होतं. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारा द्रव) वेगळा मिळाला तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर नंतर. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडू शकतो. रेझिनच्या वाफा अडवणारा मास्क, हातमोजे आणि उघडी जागा हवीच.

आतून ३०० जीएसएमच्या फायबर मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) तळहाताएवढे तुकडे रेझिनने लावा, कातरीने न कापता फाडून, म्हणजे कडा एकमेकींत मिसळतात. पांढरा ठिपका दिसला की खाली हवा अडकलीय. ब्रशने ठोकून काढा. डावा खांदा जुलैत पुन्हा केलेला. दमट कागदावर थर आठवडाभर चिकट राहिला आणि ऑक्टोबरात नेमक्या अशाच ठिपक्यावरून तडकला. रेझिनचं काम मे महिन्याच्या आत उरकावं हे उत्तम.

गोंदाचं वेल्क्रो घामाने सुटतं. पट्ट्या वॉशर घालून रिव्हेटनेच ठोका. शिरस्त्राणात पॉवरबँकवरचा ४० मिमीचा पंखा बसवा, नाहीतर काच धुक्याने भरते. नरकासुराच्या रात्री फटाक्यांपासून लांब राहा, पॉलिएस्टर पेटतं. घरी आल्यावर आतला घाम पुसून पंख्याखाली वाळवा आणि सुती चादरीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलं तर उघड्या राहिलेल्या कडेतून ओल शिरते आणि रंगाला फोड येतात.