लव्हाळ्याचा चिमटा की मेणबत्तीचा स्टँड?

जुन्या इंग्लंडातल्या घडीव लोखंडाच्या वस्तू बघताना हे दोन्ही सारखेच वाटतात, पण फरक बराच आहे. चिमटा गरिबाघरचा. पाणथळ जागेतलं लव्हाळं सोलायचं, सालीची एकच पट्टी ठेवायची म्हणजे गाभा मोडत नाही, मग ते स्वयंपाकातल्या उरलेल्या चरबीत बुडवून वाळवायचं आणि चिमट्यात तिरकं धरून पेटवायचं. गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्रीबुवांनी 1775 मध्ये चक्क घड्याळ लावून बघितलं तर साडेअठ्ठावीस इंची काडी 57 मिनिटं जळली! फुकटात तास काढला म्हणा ना. फक्त दर थोड्या वेळाने उठून काडी पुढे सरकवा.

मेणबत्ती जास्त वेळ चालायची, पण तिच्यावर 1709 ते 1831 टॅक्स होता, आणि स्वस्तातली चरबीची घेतली तर वास मारणार, वर वात सारखी कातरत बसा.

मला विचाराल तर चिमटाच. त्यातही ज्याच्या दुसऱ्या टोकाला वजन म्हणून मेणबत्तीची खोबणी असते तो, कारण पाहुणे आले की मेणबत्ती, एरवी लव्हाळं, दोन्ही सोय एकात. नकला मात्र भरपूर फिरतात, जबडा नीट बघून घ्या.