स्टार्टअपमधील नोकरीची तयारी करून देणारा आठ आठवड्यांचा वर्ग: एका विद्यार्थिनीचा अभिप्राय

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी सहा वर्षे लेखा विभागात काम केले. तिथे प्रत्येक बिलाचा मार्ग ठरलेला होता आणि माझी सही कोणत्या रकान्यात येणार, हेही ठरलेले होते. गेल्या वर्षी नागपूर शहरातील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखतीला गेले असता, माझे नेमके काम काय असेल असे मी विचारले. ते दर महिन्याला बदलेल, असे उत्तर मिळाले. हे उत्तर मला बेजबाबदारपणाचे वाटले, मी तसे बोलून दाखवले आणि ती नोकरी मला मिळाली नाही. त्यानंतर शंकरनगर चौकाजवळ शनिवार-रविवारी चालणाऱ्या या वर्गाला मी नाव नोंदवले. फी 12 हजार रुपये होती आणि आमच्या तुकडीत 14 जण होते.

पहिल्या दिवशी सरांनी सरकारी व्याख्या सांगितली. ‘स्टार्टअप इंडिया’ योजना 16 जानेवारी 2016 रोजी सुरू झाली आणि 2019 च्या अधिसूचनेने स्थापनेपासून 10 वर्षे व 100 कोटी रुपयांची उलाढाल या मर्यादा घालून दिल्या, एवढे सांगून त्यांनी तो विषय दहा मिनिटांत संपवला. ही व्याख्या सवलती मिळवण्यासाठी आहे, तिथे नोकरी करणाऱ्याने दुसरी लक्षात ठेवावी, असे ते म्हणाले: आपला माल नेमका कोण विकत घेणार आणि किती पैसे देणार, हे ज्या कंपनीला अजून खात्रीने सापडलेले नाही, ती स्टार्टअप. मुलाखतीत मला मिळालेल्या उत्तराचा अर्थ मला त्या क्षणी कळला. ग्राहकच ठरलेला नसेल, तर कर्मचाऱ्याचे काम कसे ठरलेले असणार? सरांनी स्वतः पुण्यात कंपनी काढली होती आणि पैसे संपल्यावर ती बंद केली होती. त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन होते.

या वर्गाचे खरे मोल मात्र नागपुरातील कळमन्याच्या घाऊक बाजारात झालेल्या प्रात्यक्षिकात आहे. तिघांच्या गटाने बाजारातील एका अडत्याची, म्हणजे शेतकऱ्यांचा माल दलाली घेऊन विकून देणाऱ्याची, एक अडचण शोधायची आणि 500 रुपयांच्या आत, दोन आठवड्यांत, तो खरोखर वापरेल असे काहीतरी तयार करायचे, असे काम आम्हाला दिले होते. आम्ही वर्गातच बसून ठरवले की शेतकऱ्याला द्यायची हिशेबपट्टी तयार करणारे मोबाइल ॲप करावे, आणि चार दिवस त्याची चित्रे काढण्यात घालवली. नोव्हेंबरचा महिना होता आणि आंबिया बहाराच्या संत्र्याची आवक जोरात होती. बाजारात प्रत्यक्ष उभे राहिल्यावर दिसले, की लिलाव चालू असताना अडत्याला मोबाइलकडे पाहायलासुद्धा सवड नसते. अडत्याचे दिवाणजी आम्हाला म्हणाले, “ताई, पट्टी तर दोन मिनिटांत होते. हे फोन काही थांबत नाही ना जी.” काटोल-नरखेडकडचे शेतकरी दुपारपासून फोन करून भाव किती लागला, हमाली-तोलाई किती कापली, हे विचारत असत आणि दिवाणजी तीच माहिती प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगत असत.

आम्ही चित्रे बाजूला ठेवली आणि व्हॉट्सॲपवर पाठवायच्या मजकुराचा एक साचा करून दिला. दिवाणजींनी तो तीन दिवस वापरला आणि मग सांगितले, की वयस्कर शेतकरी मजकूर वाचत नाहीत, ते तरीही फोन करतात. तेव्हा त्याच क्रमाने आकडे बोलून आवाजी संदेश पाठवण्याची पद्धत आम्ही बसवली. ती त्यांना मानवली. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने यात काहीच नव्हते आणि आमचा खर्च शून्य झाला. तरीही सहा वर्षांच्या नोकरीत मी ज्याच्यासाठी काम करते त्याच्या शेजारी बसून त्याची अडचण ऐकण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, ती इथे पहिल्यांदा आली.

मूल्यमापनही वेगळे होते. साचा किती चांगला झाला याला कमी गुण होते. आपण चुकलो हे गटाला कधी कळले आणि ते किती लवकर उघड सांगितले, याला जास्त होते. आमच्या गटातील एकाला साच्यातील वजाबाकी चुकत असल्याचे दिसले होते, पण संकोचाने तो दोन दिवस गप्प राहिला. सरांनी त्याला रागावण्याऐवजी समजावले, की मोठ्या कंपनीत चूक चार टेबलांवरून पुढे जाते आणि कुठेतरी पकडली जाते, तर अकरा माणसांच्या कंपनीत पुढचे टेबलच नसते. स्टार्टअपला लागणारी मनोवृत्ती म्हणून लोक धाडस, झपाटा असे शब्द वापरतात. मला मात्र ती या एका वाक्यात पूर्ण सापडली.

याच ठिकाणी माझा एक मतभेदही नोंदवते. दुसऱ्या शिक्षिका वारंवार सांगत, की जुन्या कंपनीच्या सवयी दाराबाहेर ठेवून या. हे मला पटले नाही. ती वजाबाकीची चूक शेवटी पकडली गेली ती रोज संध्याकाळी ताळा करण्याच्या माझ्या कारखान्यातील सवयीमुळेच. परवानगीची वाट पाहत बसण्याची सवय जरूर सोडावी, पण नोंद ठेवण्याची आणि आकडे जुळवण्याची सवय लहान कंपनीत अधिकच लागते.

सर्वांत मोठी उणीव पैशांच्या भागात आहे. संपूर्ण वर्गात पगार आणि समभागांसाठी जेमतेम एक तास दिला गेला. कंपनीच्या खात्यात 60 लाख रुपये असतील आणि दरमहा मिळकतीपेक्षा खर्च 5 लाखांनी जास्त असेल, तर ती 12 महिने तग धरेल, हा साधा भागाकार मुलाखतीपूर्वी प्रत्येकाला करता यायला हवा आणि तो प्रश्न संस्थापकांना न लाजता विचारण्याचा सराव वर्गात व्हायला हवा. कमी पगाराच्या बदल्यात ईसॉप, म्हणजे कंपनीचे समभाग ठरलेल्या किमतीला पुढे विकत घेण्याचा पर्याय, देऊ केले जातात, तेव्हा ते मिळाल्यापासून किमान एक वर्ष हक्क लागू होत नाही, असे कंपनी कायद्याचे नियम सांगतात. प्रत्यक्षात अनेक कंपन्या तो हक्क चार वर्षांत टप्प्याटप्प्याने देतात. शिवाय समभाग घेताना बाजारमूल्य आणि दिलेली किंमत यांतील फरक पगाराचा भाग धरून त्यावर प्राप्तिकर लागतो, मग ते समभाग विकता येवोत वा न येवोत. भविष्य निर्वाह निधीची तरतूद सर्वसाधारणपणे 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होते, त्यामुळे अकरा जणांच्या कंपनीत तो मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. घरभाडे आणि आईवडिलांची औषधे ज्यांच्या पगारावर चालतात, त्यांच्यासाठी ही माहिती मनोवृत्तीइतकीच महत्त्वाची आहे.

खोली लहान आहे, पण स्वच्छ आहे. मेट्रो स्थानक चालत पाच मिनिटांवर असल्याने वाहन न आणणे सोयीचे.

नुकतेच पदवीधर झालेल्यांपेक्षा दोन-चार वर्षे कुठेतरी काम केलेल्यांना हा वर्ग अधिक उपयोगी पडेल, कारण आपल्या कोणत्या सवयी ठेवायच्या आणि कोणत्या सोडायच्या, हे ठरवायला आधी सवयी असाव्या लागतात. चौकशीला जाल तेव्हा त्या तुकडीचे प्रात्यक्षिक कुठे आहे, हे अवश्य विचारावे. पुढच्या तुकडीला बाजाराऐवजी वर्गातच कल्पित ग्राहक देण्याचा विचार चालू असल्याचे मी ऐकले आहे, आणि तसे झाल्यास 12 हजार रुपये देण्याची शिफारस मी करणार नाही.