जुन्या पुस्तकांच्या देखभालीचा तयार संच: निम्मा कामाचा, निम्मा कुलुपात ठेवण्याचा

वारशात जुन्या, दुर्मीळ पुस्तकांचं कपाट आलं की पहिल्या आठवड्यात दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर ओल्या फडक्याने पुस्तकं पुसली जातात, नाही तर देखभालीचा तयार संच मागवला जातो. संच अर्थातच बरा. हे संच वेगवेगळ्या नावांनी मिळतात, पण आतला ऐवज थोड्याफार फरकाने तोच असतो: मऊ ब्रश, काजळी टिपणारा रबरी स्पंज, खोडरबराची पूड, सुती हातमोजे, चामड्याचं मलम, पारदर्शक पॉलिस्टर फिल्म, कागदातलं आम्ल तपासायचं पीएच पेन, फाटलेली पानं जोडायचा पातळ जपानी कागद, खळ करायची मिथाइल सेल्युलोजची पूड, दुरुस्तीची चिकटपट्टी, घडी दाबायची हाडाची पट्टी आणि सिलिका जेलच्या पुड्या.

यातलं काय वापरावं हे ठरवायला एकच कसोटी पुरते: आज केलेलं उद्या पुस्तकाला धक्का न लावता काढता येईल का? या कसोटीवर निम्मा संच उत्तम उतरतो. उरलेल्या निम्म्याने पुस्तकाचं मोलही जाऊ शकतं आणि पुस्तकही.

पहिली तक्रार माहितीपत्रकाबद्दल. ते थेट ‘साफसफाई’पासून सुरू होतं. वारशाच्या संग्रहात साफसफाई दुसरी, नोंद पहिली. पुस्तकं कपाटात ज्या क्रमाने होती तो क्रम, प्रत्येकाचं शीर्षकपान, कणा आणि मुद्रकाची नोंद यांचे फोटो आधी काढून घ्यावेत. पानांत सापडलेली पत्रं, पावत्या, दाबून ठेवलेली फुलं काढून पाकिटात ठेवावीत आणि पाकिटावर पुस्तकाचं नाव व पान क्रमांक पेन्सिलीने लिहावा. वर्षानुवर्षं आत राहिलेल्या वर्तमानपत्राच्या कात्रणाचा तपकिरी ठसा समोरच्या पानावर उमटतो, म्हणून ते आत ठेवू नये. पण फेकूही नये. पुस्तक कुणाकुणाच्या हातून आलं याचा तोच पुरावा असतो. पहिल्या कोऱ्या पानावरची सही, शिक्का, समासातल्या टिपा यांना संचातलं खोडरबर लावायचं नाही.

आता वस्तूंकडे. ब्रश चांगला आहे, शेळीच्या केसांचा, पुरेसा मऊ. मात्र केस धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी उघडी असते आणि एका चुकार फटकाऱ्यात ती चामड्यावर ओरखडा काढते. तिच्यावर कापडी पट्टी गुंडाळून घ्यावी. पुस्तक बंद करून घट्ट दाबून धरायचं आणि वरच्या कडेवरची धूळ कण्याकडून पुढच्या मोकळ्या कडेकडे झटकायची. उलट दिशेने झटकली तर ती कणा आणि पानं यांच्यामधल्या पोकळीत जाऊन बसते आणि पुस्तक उघडलं की पानांवर उतरते. धूळ खूप असेल तर ओढ कमी करता येणारा व्हॅक्यूम घ्यावा, तोंडाला मलमल बांधावी. सुटलेला कातड्याचा तुकडा नळीत गेला तर शोधायचा कुठे?

रबरी स्पंज हा संचातला खरा हिरा. पाणी नाही, साबण नाही. धूळ आणि काजळी तो नुसत्या स्पर्शाने ओढून घेतो. वडीच्या वडी वापरू नये, काड्यापेटीएवढे तुकडे कापावेत. एकाच दिशेने, हलक्या हाताने ओढायचा. गोलगोल घासलं तर मळ धाग्यांत रुततो. तुकडा काळा पडला की तो धुण्याऐवजी वरचा थर कात्रीने उडवायचा, आत कोरा स्पंज तयार असतो. उजेडात आणि उघड्या हवेत तो काही महिन्यांत कडक किंवा चिकट होतो आणि चुरा सोडू लागतो, म्हणून बंद पिशवीत, अंधारात ठेवावा. कापडी बांधणी आणि पानांच्या कडा यांवर तो निर्धास्त चालतो. पेन्सिलीच्या टिपा, हाताने रंगवलेली चित्रं आणि भुकटी होत चाललेलं चामडं यांपासून मात्र लांब ठेवावा.

खोडरबराची पूड कडक पानांच्या समासांपुरती ठीक. तिचे कण शिवणीच्या घळीत अडकून राहतात, आणि तिथले कण ब्रशने काढायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात स्पंजने चार पानं झाली असती.

सुती हातमोजे जाहिरातीच्या चित्रात शोभतात. प्रत्यक्षात बोटांची जाण जाते, ठिसूळ पानाचा कोपरा धाग्यात अडकतो आणि फाटतो. साबणाने धुतलेले, पूर्ण कोरडे हात हेच योग्य. क्रीम लावलेलं नसावं.

याला एक अपवाद आहे, आणि माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची, झगझगीत हिरव्या कापडात बांधलेली काही पुस्तकं आर्सेनिक असलेल्या ‘एमराल्ड ग्रीन’ रंगाने रंगवलेली आहेत. अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयाने डेलावेअर विद्यापीठाच्या साथीने २०१९ पासून ‘पॉइझन बुक प्रोजेक्ट’ हा शोध चालवला आहे. हा रंग कापडावरून भुकटीच्या रूपाने सुटतो. असं हिरवं पुस्तक संग्रहात दिसलं तर नायट्राइलचे हातमोजे घालावेत, स्पंज किंवा ब्रश अजिबात चालवू नये, पुस्तक झिपच्या पिशवीत बंद करून वर चिठ्ठी लावावी आणि नंतर हात धुवावेत. मुलांच्या हाती देऊ नये. हिरवं दिसणारं प्रत्येक पुस्तक विषारी नसतं, पण रंग नुसता बघून खात्री करता येत नाही.

चामड्याचं मलम ही संचातली सगळ्यात वाईट वस्तू. लॅनोलिन (लोकरीतली चरबी) आणि जनावरांच्या खुरांपासून काढलेल्या तेलाची अशी मिश्रणं एकेकाळी मोठमोठ्या ग्रंथालयांतही सर्रास वापरली जात. आता ती प्रथा जवळपास मोडली आहे, आणि कारणं साधी आहेत. मलमाने चामड्याची झीज थांबत नाही. तेल कातड्यातून पुठ्ठ्यात आणि पुढे पानांत उतरतं, पृष्ठभाग चिकट होऊन धूळ धरतो आणि काही वर्षांनी वर पांढरी साय येते, जी पुष्कळदा बुरशी समजली जाते. कण्याला बोट लावलं की तांबूस भुकटी निघते ते वेगळं दुखणं. झाडांच्या सालीने कमावलेल्या चामड्याने हवेतला गंधकाचा धूर वर्षानुवर्षं शोषला की असं होतं, आणि तिथे मलम लावलं तर भुकटीचा काळा चिखल होतो. असं पुस्तक पॉलिस्टर फिल्मच्या वेष्टणात किंवा आम्लविरहित कागदात गुंडाळून ठेवावं. भुकटी बसवण्याचं द्रावण जाणकाराच्या हातीच द्यावं, कारण त्यानेही चामडं गडद होतं. मलमाची डबी बुटांसाठी ठेवावी.

पॉलिस्टर फिल्म मात्र वसूल. विसाव्या शतकातल्या पहिल्या आवृत्तीला मूळ छापील वेष्टण असेल तर किमतीचा मोठा हिस्सा त्या कागदात असतो, आणि नेमकं तेच वरच्या कडेला फाटतं. ५० मायक्रॉनची फिल्म वेष्टणाला पुरते, जाड पुस्तकाला ७५ ची. पट्टीची रुंदी पुठ्ठ्याच्या उंचीहून एखादा मिलिमीटर कमी ठेवावी, म्हणजे ती फळीवर टेकून दुमडत नाही. लांबी म्हणजे उघडून पसरलेल्या वेष्टणाची लांबी आणि वर दोन्ही टोकांना ४-४ सेंटीमीटर. ही टोकं वेष्टणाच्या आतल्या घडीवर वळवायची, हाडाच्या पट्टीने एकदा दाबायची, बस्स. गोंद नाही, टेप नाही. संचातली फिल्म संपल्यावर दुसरी घेताना वास घेऊन पाहावा. नव्या रेनकोटसारखा वास आला तर ती पीव्हीसी. ती आम्ल सोडते आणि छपाईला चिकटते. पॉलिस्टर चुरगाळलं की करकरीत आवाज करतं आणि हाताने सहज फाटत नाही.

पीएच पेन संचात का आहे, हे कळणं अवघड. पुस्तकाचा कागद आम्लयुक्त आहे का ते पाहा, असं पत्रक सांगतं; पण या पेनची रेघ कागदावर कायमची राहते. तपासून तरी काय मिळणार? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा, तुरटी-राळेचं साइझिंग (शाई फुटू नये म्हणून दिलेली खळ) केलेला कागद रूढ झाला. तो वरून तपकिरी आणि कोपऱ्यात ठिसूळ झालेला डोळ्यांनीच दिसतो. त्याआधीचा चिंध्यांचा कागद दोनशे वर्षांनंतरही पांढरा आणि लवचीक असतो. म्हणून संग्रहातलं १९१० चं पुस्तक १७६० च्या पुस्तकापेक्षा जपून उघडावं लागतं. पेनचा खरा उपयोग खोकी आणि पुठ्ठे विकत घेताना. आम्लविरहित म्हणून विकलेल्या पुठ्ठ्याच्या कापलेल्या कडेवर रेघ ओढावी. जांभळी झाली तर घ्यावा, पिवळी झाली तर परत करावा. पृष्ठभागावर नव्हे, कडेवर, कारण वरचा थर चांगला आणि आतला गाभा स्वस्त लगद्याचा असं सर्रास असतं.

जपानी कागद आणि मिथाइल सेल्युलोज यांचा दर्जा चांगला आहे, कृती मात्र अर्धवट लिहिली आहे. १०० मिलिलिटर पाण्याला ४ ग्रॅम पूड. सगळं पाणी एकदम घेतलं तर पुडीच्या गाठी होतात. एक तृतीयांश पाणी ८० अंशांपर्यंत तापवून त्यात पूड भुरभुरत ढवळावी, मग उरलेलं थंड पाणी घालावं आणि रात्रभर ठेवावं. सकाळी पारदर्शक, दाट खळ तयार होते. गव्हाच्या सत्त्वाच्या खळीपेक्षा हिची पकड कमी, पण ही लवकर नासत नाही आणि कसरीला खायला मिळत नाही. पानाची चीर जोडायला एवढी पकड पुरते, आणि पुढे ओलावा देऊन जोड सोडवताही येतो.

जपानी कागद कात्रीने कापू नये. ओल्या ब्रशची रेघ ओढून त्या रेघेवर फाडावा, म्हणजे कडेला धागे मोकळे सुटतात. जोडाची ताकद त्या धाग्यांत असते, आणि सरळ कापलेल्या कडेवर पान पुन्हा मोडतं. पट्टी चिरेपेक्षा दोन्ही बाजूंना २-३ मिलिमीटर रुंद घ्यावी. खळ कमीत कमी लावावी. जास्त ओल झाली की पानावर पाण्याच्या डागाची तपकिरी किनार उमटते. वर-खाली न चिकटणारं पातळ पॉलिस्टर कापड, त्यावर टीपकागद, त्यावर वजन. पंधरा मिनिटांनी टीपकागद बदलायचा, मग रात्रभर सोडायचं. दोन ठिकाणी हे करूच नये. एक, जुन्या लोहयुक्त शाईने लिहिलेल्या मजकुरावर, कारण ओलीबरोबर लोह आजूबाजूच्या कागदात पसरतं आणि तोही जळू लागतो. दोन, गुळगुळीत आर्ट पेपरच्या चित्रपानांवर, कारण त्यावरचा मातीचा लेप ओला झाला की पानं एकमेकांना कायमची चिकटतात.

दुरुस्तीची चिकटपट्टी साध्या सेलोटेपपेक्षा कितीतरी बरी, पण ‘केव्हाही निघते’ हा दावा पहिल्या काही दिवसांपुरताच खरा. जुनी झाली की तिला विद्रावक लागतो. मोलाच्या पुस्तकावर नकोच. आधीच्या मालकाने लावलेला पिवळा सेलोटेप ओढून काढायचा मोहही आवरावा, कागदाचा वरचा थर त्याच्याबरोबर येतो.

सिलिका जेलच्या पुड्या कपाटात ठेवून काही होत नाही, दार उघडलं की बाहेरची हवा आत येतेच. घट्ट झाकणाच्या डब्यात त्या काम करतात, पण चर्मपत्राचं पुस्तक त्यात ठेवलं तर अति कोरडेपणाने पुठ्ठे वाकडे होतात. पुड्यांतले दाणे निळे असतील तर त्यात बहुधा कोबाल्ट क्लोराइड हा विषारी पदार्थ असतो. नारिंगी दाण्यांच्या मागाव्यात. डांबराच्या गोळ्या काही संचांत भेट म्हणून येतात. त्यांचा वास कागदात मुरतो, वाफ माणसालाही बाधते, आणि पुस्तकातल्या किड्यांवर भरवशाचा परिणाम होत नाही. कीड लागलेलं साधं कागदी पुस्तक घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत उणे २० अंशांवर दोन आठवडे गोठवणं हा उपाय खरा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाही तर थंड पुठ्ठ्यावर दव धरतं.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे संचात आर्द्रतामापक नाही. बारापैकी एकच वस्तू ठेवायची असती तर ती हीच असायला हवी होती. पुस्तकांना ४० ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. ६५ च्या वर मुक्काम राहिला की बुरशी ठरलेली, आणि रोजचा चढउतार हा स्थिर आकड्यापेक्षा वाईट. साधा डिजिटल मापक वेगळा घ्यावा, पण त्याच्या आकड्यावर आंधळा विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन पाण्याचे थेंब टाकत ओल्या वाळूसारखं करावं, झाकण आणि मापक एकाच झिपच्या पिशवीत १२ तास बंद ठेवावेत. आतली हवा ७५ टक्क्यांवर येते. मापक ७० दाखवत असेल तर पुढे त्याच्या आकड्यात ५ मिळवून वाचावं. मापक खोलीच्या मध्यावर टांगू नये. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात, पुस्तकांच्या मागे ठेवावा, ओल तिथेच धरते. बुरशी आधीच दिसत असेल तर एन-९५ मास्क लागतो, तोही संचात नाही.

दुसरी उणीव खोक्यांची. मोठ्या संचांत घडीची तीन खोकी येतात, तिन्ही एकाच मापाची, आणि पुस्तक आत खुळखुळतं. खोकं पुस्तकाच्या मापानेच करून घ्यावं. उंची, रुंदी आणि जाडी, जाडी तीन ठिकाणी मोजून त्यातली सर्वांत जास्त धरायची, आणि प्रत्येक मापात २ मिलिमीटर मोकळे. एका बाजूने सरकवायचं खोकं घेऊ नये, त्यात पुस्तक आत-बाहेर करताना कणा घासतो; चार झापांचं किंवा शिंपल्यासारखं उघडणारं घ्यावं.

संग्रहात बहुतेक विसाव्या शतकातली कापडी बांधणीची, वेष्टणं असलेली पुस्तकं असतील तर अख्खा संच घेण्याची गरज नाही. ब्रश, स्पंज आणि फिल्म सुटी मिळतात. चामड्याच्या जुन्या बांधण्या जास्त असतील तरी याच तीन वस्तू घ्याव्यात, वाचलेल्या पैशांत मोजून केलेली खोकी घ्यावीत. जपानी कागद आणि खळ हवी त्याने आधी रद्दीतल्या पुस्तकाची वीस पानं जोडून पाहावीत. विसावं पान वाळल्यावर ताठ झालं नाही आणि जोड प्रकाशात धरल्याशिवाय दिसला नाही, तरच वारशातलं पुस्तक उघडावं.