छोट्या पाणबुडीतला फोन: आठ किलोहर्ट्झ की बत्तीस?

मिशिगन सरोवराच्या काठावर राहणाऱ्या माझ्या मित्राने किट्रिज के-२५० ही एक जुनी छोटी पाणबुडी घेतली आणि आम्ही दोघांनी मिळून ती पुन्हा पाण्यात उतरवली. तिच्यात जागा एकाच माणसाची. त्यामुळे एक जण खाली आणि दुसरा वर होडीत, हे ठरलेलंच. या दोघांनी एकमेकांशी बोलायचं कसं, या प्रश्नात आमचे दोन उन्हाळे गेले. कमी खर्चात स्वतः फोन बांधायला निघालेल्यांना उपयोग होईल, म्हणून लिहितो आहे.

पाण्यातून ध्वनीने मजकूर पाठवणाऱ्या मोडेमचा विचार आम्ही लवकर सोडला. जून २०२३ मध्ये बुडालेल्या टायटन पाणबुडीचा वरच्या जहाजाशी संपर्क अशा छोट्या संदेशांवरच चालायचा. सोबत दुसरा माणूस असेल तर ते जमतही असेल. एकट्या चालकाने एका हाताने पाणबुडी सांभाळत टाइप करणं मात्र मला पटत नाही. शिवाय आवाजातून माणसाचा श्वास कळतो. आत कार्बन डायऑक्साइड वाढू लागला की श्वास भराभर चालतो, आणि ते वरच्या माणसाला ऐकू आलं पाहिजे.

उरले सिंगल साइडबँडचे, म्हणजे बोलणं वरच्या वारंवारतेवर चढवून थोडक्या पट्टीत पाठवण्याच्या पद्धतीचे, दोन पर्याय. पहिला ८.०८७५ किलोहर्ट्झचा, म्हणजे १९४५ च्या सुमारास अमेरिकन नौदलाने आणलेल्या ‘गर्ट्रूड’ या पाण्याखालच्या फोनचा वंशज. दुसरा ३२.७६८ किलोहर्ट्झचा, पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हरांच्या मास्कमधले बरेच संच ज्यावर चालतात तो. आम्ही दोन्ही बांधले.

कागदावर आठच जिंकतो. समुद्राच्या पाण्यात आठ किलोहर्ट्झचा आवाज किलोमीटरमागे जेमतेम एक डेसिबल गमावतो, बत्तीसचा सुमारे आठ. म्हणून मीही सुरुवात आठपासून केली. अडचणी हळूहळू कळल्या. या पट्टीला पिझो सिरॅमिकची कडी, म्हणजे पाण्यात आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग, जवळजवळ तळहाताएवढी लागते आणि ती महाग पडते. बत्तीससाठी सव्वा-दीड इंचाची पुरते. लहान कडी पॉलियुरेथेनमध्ये ओतताना बुडबुडे काढणंही सोपं जातं. मोठ्या कडीचे आमचे पहिले दोन साचे बुडबुड्यांमुळेच वाया गेले.

तरीही मी आठवरच राहिलो असतो. निर्णय झाला तो मोटरमुळे.

आमच्या पाणबुडीला मासेमारीच्या होडीवरच्या ट्रोलिंग मोटर आहेत. त्यांचा स्पीड कंट्रोलर वीज तुकड्या-तुकड्यांनी सोडतो. त्याची किणकिण आणि पंख्याचा खळखळाट नेमका आठ ते अकरा किलोहर्ट्झच्या पट्टीत येऊन बसतो. बोललेलं वर व्यवस्थित पोहोचायचं, पण वरून आलेलं ऐकायचं तर मोटर बंद करावी लागे. मोटर बंद केली की पाणबुडी वाहत जाते. पुन्हा चालू, पुन्हा बंद. एका ऑगस्टमध्ये मी १८ मीटरवर वाळूलगत होतो आणि वर यायच्या तयारीत होतो. टाकीत हवा सोडण्याआधी मोटर थांबवून ऐकायचं, असा आमचा नेम आहे. थांबवली, तेव्हा मित्राचा आवाज आला: “थांब, वर येऊ नकोस, शिडाची होडी आहे.” तो हे चौथ्यांदा की पाचव्यांदा सांगत होता. आधीचं एकही मला कळलं नव्हतं.

कंट्रोलरला लोखंडी डबा केला, तारांना फेराइटची कडी घातली, फिल्टर बसवले. फरक पडला, पण पंख्याचा आवाज फिल्टरने जात नाही. तो जातो वारंवारता वाढवल्यावर. आठ ते बत्तीस म्हणजे दोन सप्तकं वर, आणि पंख्याचा गोंगाट दर सप्तकाला साधारण सहा डेसिबलने उतरतो. आम्ही मोजमाप असं काही केलं नाही. मोटर अर्ध्या वेगावर ठेवून मी खाली बसलो आणि मित्राने वरून शंभरपासून उलटे आकडे म्हटले. आठवर मला तुटक आकडे मिळाले. बत्तीसवर जवळजवळ सगळे.

बत्तीसची आणखी एक गोष्ट मला मनापासून आवडते. ३२,७६८ हा मनगटी घड्याळातल्या क्वार्ट्झ स्फटिकाचा आकडा आहे. म्हणजे कॅरिअरसाठी, ज्या मूळ लहरीवर आवाज चढवतात तिच्यासाठी, लागणारा स्फटिक तांदळाच्या दाण्याएवढ्या नळीत, चहाच्या पैशात मिळतो. सिंगल साइडबँडमध्ये दोन्हीकडचे कॅरिअर जुळले नाहीत तर आवाज गेंगाणा होतो. आठसाठी मी बांधलेला ऑसिलेटर तळाच्या थंडीत सरकायचा आणि मित्र कुणी वेगळाच वाटायचा. घड्याळाचा स्फटिक त्याच थंडीत एक हर्ट्झही हलत नाही.

हे सगळं गोड्या पाण्यातलं, हे लक्षात ठेवा. आवाज शोषणारं मॅग्नेशियम सल्फेट सरोवरात जवळजवळ नसतं, म्हणून बत्तीसचा पल्ला इथे चांगला मिळतो. समुद्रात वरच्या होडीपासून किलोमीटरहून लांब जाणार असाल, किंवा नौदल वा संशोधन जहाजांशी बोलण्याची गरज असेल, तर आठची बाजू माझ्याहून जाणकार माणूस अधिक नीट मांडेल. पण आपल्यासारख्यांची होडी बहुधा डोक्यावरच असते, तीनचारशे मीटरच्या आत. तेवढ्यासाठी मी तरी आता आठकडे वळणार नाही. वेळ नसेल तर डायव्हरांचा जुना संच घेऊन त्याची कडी बाहेर बसवली तरी चालावं. चॅनल आणि साइडबँड मात्र जुळताहेत ना, ते आधी बघा.

कोणताही घेतलात, तरी होडीची कडी पृष्ठभागाजवळ लोंबकळत ठेवू नका. उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट आणि खालचं गार असतं, आणि आवाज गार पाण्याकडे वाकतो. मधल्या थरामुळे अचानक मुकी जागा तयार होते. आम्ही कडी पंधरा मीटर केबलवर, खाली शिशाचं वजन बांधून सोडतो. केबलचा ताण मात्र दोरीवर घ्या, जोडावर नको. आमचा पहिला जोड तिथेच पाणी प्यायला होता.