कड्यावरचे छोटे हॉटेल की वाळूलगतचे? समुद्राकाठच्या मुक्कामाचा तुलनात्मक आढावा

समुद्राकाठी चार-सहा दिवस राहायचे ठरले की निवड बहुधा दोन प्रकारच्या जागांपाशी येऊन थांबते. एक म्हणजे वाळूला लागून असलेले हॉटेल, जिथे अंगणातून बाहेर पडताच पावले पुळणीवर पडतात. आणि दुसरी म्हणजे कड्यावरचे मोजक्या खोल्यांचे छोटे हॉटेल, जिथून समुद्र भरपूर दिसतो, पण त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर उतरावे लागते. मी दोन्हीकडे राहिलो आहे आणि आता मुक्काम ठरवताना कड्यावरची जागा आधी शोधतो. माझा कल असा असला तरी ही निवड सर्वांना सारखीच मानवेल असे नाही, म्हणून दोन्ही बाजू शक्य तितक्या मोकळेपणाने मांडत आहे. खोलीतल्या सोयीसुविधांची तुलना येथे केलेली नाही; ती माहिती कोणत्याही हॉटेलकडून सहज मिळते.

वाळूलगतच्या हॉटेलचा सर्वांत मोठा गुण म्हणजे पाण्याशी असलेली जवळीक, आणि त्या बाबतीत कड्यावरचे हॉटेल त्याच्या आसपासही येत नाही. बहुतेक किनाऱ्यांवर लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी आठला पोहण्याजोगे असलेले पाणी चार दिवसांनी त्याच वेळेला दूर मागे गेलेले असू शकते. खाली राहणाऱ्याला याची फारशी चिंता करावी लागत नाही. पाणी सोयीचे दिसले की तो उठून जातो, मुलांना भूक लागली की परत येतो आणि वाटल्यास पुन्हा जातो. कड्यावर राहणाऱ्याला मात्र प्रत्येक खेप ठरवून करावी लागते. 40 मीटर उंचीचा कडा धरला आणि एक पायरी 17 सेंटिमीटरची मानली, तरी जवळपास 235 पायऱ्या होतात, म्हणजे साधारण तेरा मजल्यांची चढण. दिवसातून दोनदा समुद्रात उतरणे ही ज्यांची सहलीची कल्पना आहे, त्यांनी या आकड्याचा शांतपणे विचार करावा. गुडघ्यांचा त्रास असलेली मंडळी किंवा धावण्याच्या वयातली लहान मुले सोबत असतील, तर माझा सल्लाही खालच्या हॉटेलचाच राहील.

असे असूनही माझ्यापुरता निकाल वर लागला, त्याला कारण ठरला खिडकीचा पडदा. वाळूलगतच्या खोलीत आणि समुद्रात जी जागा असते ती सहसा सर्वांची असते. पहाटे फिरायला येणारे, दुपारी सावली शोधत आलेले, संध्याकाळी सूर्यास्त पाहायला जमलेले, असे सगळे लोक आपल्या खिडकीसमोरून जातात, आणि त्यात त्यांचे काहीही चुकत नाही, कारण किनाऱ्यावर चालण्याचा अधिकार त्यांचाही आहे. परंतु चालताना माणसाची नजर उघड्या खिडकीकडे वळतेच. एकाने आत पाहिले, दुसऱ्याने पाहिले, की आपण उठतो आणि पडदा ओढून घेतो. मी ज्या हॉटेलात राहिलो होतो तिथे पडदा सकाळी काही वेळ उघडा राहत असे आणि नंतर जवळजवळ दिवसभर बंदच. रात्री तो उघडता येईल असे वाटले होते, पण किनाऱ्यावर फिरणाऱ्यांच्या सोयीसाठी लावलेले दिवे थेट खोलीत येत असल्यामुळे तेव्हाही तो ओढूनच ठेवावा लागला. पातळ पडद्याने भागेल का, हेही करून पाहिले. दिवसा ते जमते, पण खोलीत दिवा लागला की बाहेरून सगळे स्पष्ट दिसू लागते. समुद्र दिसावा म्हणून मुद्दाम घेतलेल्या खोलीत समुद्राकडे पाहायचे असेल तर बाहेर जाऊन बसावे लागत होते, आणि बाहेर बसायचे असेल तर किनाऱ्यावर जागेची वाण कुठेच नव्हती. त्या खोलीने मला नेमके काय दिले, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला सापडले नाही.

कड्यावर हा प्रश्नच उद्भवत नाही. खिडकीपुढे हॉटेलची थोडी मोकळी जागा, त्यापलीकडे कडा आणि पुढे फक्त हवा आणि पाणी असते. सकाळी पडदा सरकवला की तो रात्रीपर्यंत तसाच राहतो, आणि अनेकदा रात्रीही. अंथरुणात पडल्या पडल्या पाण्याचा बदलणारा रंग पाहता येणे, पुस्तक वाचता वाचता मान वर केली की एखादी होडी बरीच पुढे सरकलेली दिसणे, कड्याला धडकून वर चढणाऱ्या वाऱ्यावर पंख न हलवता तरंगणारे पक्षी आपल्या नजरेच्या पातळीवर, कधी तर आपल्याही खाली पाहायला मिळणे, या गोष्टी मला पोहण्यापेक्षा अधिक मोलाच्या वाटतात. ज्याला तसे वाटत नसेल त्याच्याशी मी वाद घालणार नाही.

उंचीमुळे समुद्र मोठाही होतो. पाण्याच्या काठावर उभ्या माणसाला क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर दिसते. 40 मीटर उंचीवरून तेच अंतर साडेबावीस किलोमीटरच्या आसपास जाते. खालून ज्या पाण्याची नुसती निळी रेघ दिसते, त्याच पाण्यावरचे प्रवाहांचे पट्टे, ढगांच्या सावल्या आणि दूरवर पडणारी सर वरून वेगवेगळी ओळखू येतात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या कड्यावरून सूर्यही किंचित उशिरा बुडतो. हा फरक एखाद्या मिनिटाच्या आतला असतो, तरी मला तो सुखद वाटतो.

आवाजाच्या बाबतीत मत देताना थोडे सावध राहायला हवे, कारण झोप प्रत्येकाची वेगळी. खाली प्रत्येक लाट स्वतंत्रपणे ऐकू येते: ती फुटते, फेस पसरतो, वाळूवरून पाणी परत जाते. वर येईपर्यंत हे सगळे आवाज एकमेकांत मिसळून एकच सलग गाज होते. मला त्या गाजेत गाढ झोप लागते. माझ्या सोबतच्यांपैकी काहींना मात्र फुटणाऱ्या लाटेचाच आवाज हवा होता. कड्याच्या पायथ्याशी गुहा किंवा खोल कपार असेल, तर उधाणाच्या भरतीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, लाट आत शिरून दडपून टाकणारा घुमणारा आवाज करते, हेही लक्षात घ्यावे.

आता कड्यावरच्या हॉटेलचा खरा दोष, तो म्हणजे वारा. समुद्रावरून येणारा वारा कड्याला अडतो, वर चढतो आणि माथ्यावर त्याचा वेग वाढतो. कडेपासून जरा आत तो भोवऱ्यासारखा फिरतो, त्यामुळे झोत कधी समोरून तर कधी पाठीमागून येतो. दुपारी खारे वारे जोरात असतात तेव्हा बाल्कनीत कागद ठेवून लिहिणे अशक्य होते, दारे आपटतात आणि खिडकी नीट बसत नसेल तर फटीतून शीळ ऐकू येते. मात्र हा त्रास दिवसभर सारखा नसतो. शांत हवामानाच्या दिवसांत सूर्यास्तानंतर खारे वारे पडतात, आणि जमिनीवरून मतलई वारे सुरू होईपर्यंतचा काळ कड्यावर अतिशय निवांत जातो. सकाळही तशीच असते. दिवसाची ही लय एकदा समजली की दुपार खोलीत, काचेआड घालवायला मला जड जात नाही. तोच समुद्र तेव्हाही समोर असतो. शिवाय एवढ्या वाऱ्यात डास टिकत नाहीत, हा लाभ लहान नव्हे. धुके मात्र कधी कधी कडाच वेढून टाकते, आणि तेव्हा खाली राहणाऱ्यांना निदान पहिल्या लाटा दिसत असतात.

सुरक्षिततेचा विचार दोन्हीकडे करावा लागतो. लाटा कड्याचा पायथा कोरत राहतात आणि वरचा भाग आधाराविना पुढे आलेला राहतो. पावसाचे पाणी भेगांत मुरले की तो कोसळू शकतो. खडू किंवा चिकणमातीचे कडे या बाबतीत अधिक कच्चे, ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकाचे कडे तुलनेने पक्के. म्हणून हॉटेल कडेला अगदी चिकटलेले असणे हा मी गुण मानत नाही. थोडे मागे, कठडा असलेले आणि वाट आखून दिलेले हॉटेल मला अधिक विश्वासाचे वाटते. खालच्या पुळणीवर उतरायचे असेल तर भरतीच्या वेळी ती पूर्ण पाण्याखाली जाते का, हे आधी विचारून घ्यावे. कड्याखालच्या पुष्कळशा पुळणी जातात, आणि मग परतीची वाट बंद होते.

हॉटेल छोटे असण्याचा आग्रह मी धरतो त्यालाही कारण आहे. कड्यावर समुद्राकडची बाजू मर्यादित असते. खोल्या वाढल्या की त्यांतल्या निम्म्या मागे जातात. थोड्या खोल्या असल्या की त्या सगळ्या पाण्याकडे तोंड करून बसवता येतात, आणि कोणत्या खोलीला वारा जास्त लागतो हे चालवणाऱ्यांना नेमके ठाऊक असते. खोली ठरवताना दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: पलंगावरून समुद्र दिसतो का, आणि बाल्कनीचा कठडा भरीव आहे की गजांचा. भरीव कठडा वारा अडवतो, पण खुर्चीत बसलेल्या माणसापासून समुद्रही लपवतो.

अजूनही निर्णय होत नसेल तर उंच कड्याऐवजी बुटका कडा शोधावा. क्षितिजाचे अंतर उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे पहिल्या काही मीटरांतच पुष्कळ काही हाती लागते: 10 ते 15 मीटरवरूनही 11 ते 14 किलोमीटरपर्यंतचे पाणी दिसते, पायऱ्या साठ ते नव्वदच्या घरात राहतात, वारा कमी झोंबतो, आणि खालून चालणाऱ्याची नजर खिडकीपर्यंत पोहोचत नाही. असे ठिकाण मिळाले तर मी स्वतः 40 मीटरचा कडा सोडून तिथे जाईन.