हैदराबाद की अहमदाबाद? चार दिवसांची सुट्टी असेल तर

मुंबई-पुण्याकडच्या माणसाला चार दिवस मिळाले आणि समुद्र किंवा थंड हवेचं ठिकाण नको असेल, तर ही दोन शहरं रात्रीच्या गाडीच्या टप्प्यात येतात. दोन्ही झपाट्याने वाढतायत, दोन्हीकडे मेट्रो आहे आणि दोघांच्याही पोटात जुनं शहर अजून नांदतंय. माझं मत आधीच सांगून टाकतो: खाण्यासाठी जायचं तर हैदराबाद, पायी हिंडून शहर समजून घ्यायचं तर अहमदाबाद.

वयाने अहमदाबाद थोरलं. सुलतान अहमदशहाने ते १४११ मध्ये वसवलं. मुहम्मद कुली कुतुबशहाने हैदराबाद वसवलं, चारमिनार उभारला तो १५९१ मध्ये. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे की दोन्हीकडे मराठी माणूस परका नाही. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाला निघालेले शिवाजी महाराज आधी भागानगरला, म्हणजे हैदराबादलाच, थांबले आणि अबुल हसन कुतुबशहाला भेटले. पुढे कित्येक पिढ्या मराठवाड्याची राजधानी हैदराबादच होती. आजही औरंगाबाद-नांदेडकडच्या जुन्या घरांत कोणी ना कोणी तिथे शिकलेलं किंवा नोकरी केलेलं सापडतं. अहमदाबादवर १७५३ मध्ये रघुनाथराव आणि दमाजी गायकवाडांनी ताबा मिळवला. मग बरीच वर्षं तिथला महसूल पेशवे आणि गायकवाड वाटून घेत. रायखडमधली गायकवाड हवेली त्याच काळाची खूण.

आता खाणं. हैदराबादची बिर्याणी ‘कच्ची’ असते. मसाला-दह्यात मुरवलेलं कच्चं मटण तळाशी, वर अर्धवट शिजलेला तांदूळ, झाकणाला कणकेचा लेप आणि मंद आचेवर दम. मटण आणि भात एकाच वेळी शिजून निघायला हवेत, सगळं कसब त्यात. सोबत मिरची का सालन आणि दह्याची चटणी. जेवणानंतर खुबानी का मीठा, म्हणजे जर्दाळूचं गोड, मागवाच. इराणी चहाची तऱ्हाही बघण्यासारखी: चहाचा अर्क एका बंद भांड्यात तासन्‌तास मंद आचेवर, दूध दुसऱ्या भांड्यात आटत ठेवलेलं, आणि दोन्हींची गाठ थेट कपात. त्यात उस्मानिया बिस्किट बुडवायचं. रमझानमध्ये गेलात तर संध्याकाळी हलीम. गहू, डाळी आणि मटण घोटून घोटून एकजीव केलेलं असतं. शाकाहारी माणूसही उपाशी राहत नाही, इडली, डोसा, पेसरट्टू (मुगाचा डोसा) चांगलं मिळतं. पण खरी मेजवानी मांसाहारीच, हे स्पष्ट सांगायला हवं.

अहमदाबादला उलट. तिथे शाकाहारी माणसाची चंगळ: सकाळी फाफडा-जिलेबी, दुपारी थाळी, पावसाळ्यात गरमागरम दाळवडे, थंडीत उंधियू. मांसाहार हवाच असेल तर तीन दरवाजाजवळची भटियार गल्ली आहे. माणेक चौक मात्र कोणीही चुकवू नये. दिवसभर तिथे सराफ बाजार असतो. दुकानं बंद झाली की त्याच चौकात गाड्या लागतात आणि पावभाजी, घुघरा सँडविच, कुल्फी यांचा धडाका मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालतो. दारूबंदी आहे, तेवढं मनाशी धरून जा.

बघण्यासारखं हैदराबादला भव्य आहे, पण विखुरलेलं. गोवळकोंडा, कुतुबशाही मकबरे, सालारजंग संग्रहालय, चौमहल्ला राजवाडा. एकेकाला अर्धा दिवस द्या, नाहीतर धावपळ होते आणि रहदारीत वेळ जातो. गोवळकोंड्याच्या प्रवेशद्वाराशी घुमटाखाली वाजवलेली टाळी वर बालाहिसारला, म्हणजे किल्ल्याच्या माथ्यावर, ऐकू येते. पण तिथवर साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गुडघे दुखणारे आई-बाबा सोबत असतील तर त्यांना खालीच बसवा.

अहमदाबादचं जुनं शहर पायी बघून होतं. २०१७ मध्ये ते युनेस्कोच्या यादीत गेलं, भारतातलं पहिलं जागतिक वारसा शहर म्हणून. काळूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून सकाळी वारसा फेरी निघते आणि पोळांतून, म्हणजे बंदिस्त वाड्यावस्त्यांतून, जामा मशिदीपर्यंत नेते. लाकडी कोरीव खांब, पाखरांसाठी उभारलेले चबुतरे आणि एका पोळातून दुसऱ्यात निघणाऱ्या अरुंद वाटा नकाशावर कळत नाहीत. सिदी सय्यद मशिदीची जाळी जवळ जाऊन बघा. दगडात कोरलेल्या झाडाच्या फांद्या एकमेकींत इतक्या गुंतल्यात की एक फांदी बोटाने धरून शेवटापर्यंत नेता येत नाही. एक दिवस साबरमती आश्रम आणि अडालजची पाच मजली विहीर. चौथ्या दिवशी मोढेराचं सूर्यमंदिर आणि पाटणची राणी की वाव ही पायऱ्यांची विहीर उरकता येते. हैदराबादजवळ या तोडीची एका दिवसाची जोडी मला दिसत नाही.

म्हणून आधी कुठेच गेला नसाल तर मी अहमदाबाद सुचवेन, डिसेंबर-जानेवारीत. उत्तरायणाला, १४ जानेवारीला, गच्च्यांवर पतंगांची झुंबड असते, पण मुक्कामाची सोय खूप आधी करावी लागते. घरात बिर्याणीवर जीव टाकणारी मंडळी असतील आणि पोरांना किल्ला दाखवायचा असेल तर मात्र बिनधास्त हैदराबाद गाठा. फक्त शुक्रवार संग्रहालयासाठी धरू नका, सालारजंग त्या दिवशी बंद असतं. अहमदाबादच्या कॅलिको वस्त्रसंग्रहालयात आगाऊ नोंदणीशिवाय प्रवेश नाही, तेव्हा तिकीट काढायच्या आधी ती नोंदणी करा.